कुरुळीच्या माळावर हरवलेली बोरमाळ

कुरुळीला जायचं ठरलं ते डब्याच्या सुट्टीत, आणि ठरवलं शेवंतानं. मी नुसती "हो" म्हणाले. मनातून मात्र पुरती "हो" नव्हते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवत बसायला नको.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात मी वाइंडिंगला होते. रेडिओत बसणाऱ्या बारक्या कॉइली आम्ही बायका गुंडाळायचो. केसाएवढी तांब्याची तार, मोजून घातलेले वेढे आणि दिवसभर मान खाली. शेवंता माझ्या शेजारच्या मशिनवर बसायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, रोज कुरुळीहून एसटीनं येणारी, हाताला वेगवान आणि तोंडानं कमी. तिची भाकरी आणि माझी पोळी आम्ही रोज निम्मी-निम्मी वाटून घ्यायचो. त्या भाकरीच्या निमित्तानंच तिनं एकदा मला बोरमाळेची गोष्ट सांगितली होती.

बहात्तरच्या दुष्काळात शेवंता कुरुळीच्या वरच्या माळावर खडी फोडायला जायची. सरकारी दुष्काळी काम होतं. कामावरच्या बायकांत कुणीतरी उठवून दिलं, की अंगावर सोनं दिसलं तर मुकादम हजेरीतून नाव काढतो, ही काही गरजू नाही म्हणतो. खरं-खोटं कुणी केलं नाही, पण धास्ती सगळ्यांनीच घेतली. इकडे सासूचा हुकूम असा, की लग्नात घातलेली बोरमाळ गळ्यातून काढायची नाही. मग शेवंतानं मधला मार्ग काढला. घरातून निघताना माळ गळ्यात असायची. माळावर पोचलं की ती काढून चिंधीत बांधायची, एका दगडाखाली सारायची, आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात घालून घरी जायची. बरेच दिवस हे सुरळीत चाललं. एक दिवस दुपारी मुकादमानं तिची टोळी माळाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. संध्याकाळी ती परत येऊन बघते, तर तिच्या खुणेचा दगडच जाग्यावर नव्हता. त्याची खडी झाली होती.

ऐकून मला आधी हसू आलं, हे कबूल करते. जिथं दगड फोडायचंच काम चाललंय, तिथं दगडाखाली सोनं ठेवायचं! पण शेवंता हसली नाही.

"सासूला वाटतं, मी भावाला दिली," ती म्हणाली.

तिचा भाऊ माण गावाला राहायचा. दुष्काळात त्याचा बैल मेला होता, आणि पुढच्या पोळ्याला त्याच्या दारात नवा बैल उभा होता. झालं, सासूनं दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली. त्याला सात वर्षं उलटली. तिनं भांडण केलं नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त दागिन्यांचा पितळी डबा शेवंताच्या हाती पुन्हा दिला नाही. डब्याची किल्ली कायम तिच्या कनवटीला. सणावाराला घरातली एखादी चिमुकली पोर डबा उचलून आणायची, पण थोरल्या सुनेनं त्याला बोट लावायचं नाही. आता धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. मांडवात चार बायकांच्या देखत तेच होणार, ही शेवंताची खरी टोचणी होती. त्यात त्या माळावर पुढच्या महिन्यात खडीचा क्रशर बसणार अशी बातमी आली. एकदा क्रशर बसला, की शोधायला जागाच उरणार नव्हती.

"तुझ्या त्या रेडिओवाल्या चाचांना इचार ना," ती म्हणाली. "जमिनीतलं सोनं दाखिवणारं यंत्र असतंय म्हनं."

खरं सांगायचं तर बैलाची ती गाठ माझ्याही मनात बसली होती. बैल आला कुठून, हे शेवंतानं कधी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.

रशीदभाईंचं चिंचवड स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या वडिलांचे जुने स्नेही, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ओळखणारे. असलं काही करायला सांगितलं की भूक-तहान विसरणारा माणूस. कुठल्याशा जुन्या मासिकातून त्यांनी जोडणी शोधून काढली. मी आमच्या सुपरवायझरला विचारून भंगारातली तार घेतली, आणि फुटक्या चाळणीच्या लाकडी कड्यावर दोन संध्याकाळ बसून कॉइल गुंडाळली. ते कडं काठीच्या टोकाला बांधलं, काठीच्या मधोमध ट्रान्झिस्टरचा डबा, आणि कानाला हेडफोन. यंत्रातून सतत एक शिट्टी येत राहायची. धातू जवळ आला की शिट्टीचा सूर बदलायचा. दुकानातल्या फळीवर त्यांच्या बायकोचं, हमीदाभाभींचं कर्णफूल ठेवून आम्ही ते पंचवीस वेळा तपासलं आणि पंचवीस वेळा यंत्र बरोबर बोललं. रशीदभाई एवढे खूश झाले, की शेजारच्या शिंप्यालाही बोलावून दाखवलं.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी सकाळी सातलाच रशीदभाई आणि मी निघालो. होळीच्या आधीचे दिवस, हवेत अजून गारवा होता. पिंपरीहून नाशिक फाट्याला आलो आणि तिथून नाशिक रस्त्यानं जाणारी एसटी पकडली. तिकीट तेव्हा रुपयाच्या आत बसायचं. यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघांनी मांडीवर आडवं धरलं होतं.

"काय आहे हे? तंबोरा?" कंडक्टरनं विचारलं.

"चाळण आहे, साहेब," रशीदभाई म्हणाले.

"चाळणीला वायर?"

"आमच्याकडे पीठ करंटवर चाळतात."

कंडक्टर हसला आणि त्यानं सामानाचं तिकीट मागितलं नाही. भोसरी येईपर्यंत दोन्ही बाजूला कारखाने, भिंती आणि नव्यानं घातलेली कुंपणं. मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, की मात्र रस्ता एकदम मोकळा व्हायचा आणि कांद्याची हिरवी वावरं सुरू व्हायची. आज त्या रस्त्यानं जाल तर कंटेनरच्या मागे तासभर अडकून बसाल, म्हणून सकाळी लवकर निघा एवढंच सांगते.

शेवंता कुरुळीच्या फाट्यावर उभी होती. घरी गेल्या गेल्या तिनं गुळाचा चहा दिला. तिची सासू तुळसाबाई जात्याजवळ बसली होती. साठी ओलांडलेली, ताठ, पायात चांदीचे जाडजूड तोडे. तिनं यंत्राकडे एकदा नीट बघून घेतलं.

"ह्यो रेडू सोनं दाखिवणार व्हय?"

"प्रयत्न करणार, आजी," रशीदभाई म्हणाले.

"न्हाई सापडलं तर गानी तरी लावा."

मग तिनं पदर खोचला आणि वहाणा पायात सरकवल्या. शेवंता गडबडली. "आत्या, तुमी कुठं? लांब हाय, ऊन हाय."

"मी बी येती. सापडायचं आसंल तर माझ्या डोळ्यादेखत सापडू द्या."

यातली खोच आम्हा सगळ्यांना कळली. शेवंतानं भाकरीचं गाठोडं उचललं.

गावाच्या वरच्या अंगाला अर्ध्या तासाच्या चालीवर तो माळ होता. झाड म्हणाल तर एकच बाभूळ. बाकी जिकडे बघावं तिकडे काळा दगड. उभा, आडवा, फुटका, मातीत निम्मा रुतलेला. दुष्काळातले खडीचे उरलेसुरले ढीग अजून इकडे-तिकडे पडले होते. शेवंतानं आम्हाला पाण्याची टाकी कुठं होती ते दाखवलं, पोरांसाठी सुकडीचा खाऊ कुठं वाटायचे ते दाखवलं, आणि आपल्या टोळीची जागा साधारण पावलांनी आखून दिली. तुळसाबाई हे सगळं आमच्याइतकंच नव्यानं बघत होती. दुष्काळी कामावर ती कधी आलीच नव्हती. घरातली तीन पोरं सांभाळायला ती घरी असायची.

रशीदभाईंनी हेडफोन कानाला लावले, सूर जुळवला आणि कडं जमिनीजवळ नेलं. त्यांचा चेहरा खुलला. दोन पावलं पुढे गेले, पुन्हा खुलला. दहा पावलांवर मात्र त्यांनी हेडफोन काढून कपाळ पुसलं.

"पोरी, हे तर सगळीकडेच बोलतंय."

मी ऐकून बघितलं. खरंच, एकाही जागी सूर स्थिर राहत नव्हता. त्यांनी एक सुटा धोंडा उचलून कड्यावर धरला, तर शिट्टी खाली घसरली. धोंडा दूर नेला, शिट्टी वर आली. आमच्या या काळ्या दगडातच लोखंडाचा अंश असतो, आणि यंत्र आपलं इमानेइतबारे त्या दगडालाच सलाम करत होतं. दुकानातल्या लाकडी फळीवर ते कुठून कळणार? रशीदभाई मटकन खाली बसले. तुळसाबाई काही बोलली नाही, पण तिनं शेवंताकडे असं बघितलं की बोलली असती तर बरं, असं मला वाटलं.

मला तेव्हा आमच्या मशिनवरची एक साधी रीत आठवली. कॉइल तपासताना आम्ही काटा रिकाम्या यंत्रावर शून्याला लावत नसू. आधी एक ठरलेली मास्टर कॉइल बसवायची, तिच्यावर काटा शून्याला आणायचा आणि मग बाकीच्या कॉइली तिच्याशी ताडून बघायच्या.

"चाचा, सूर हवेत जुळवू नका," मी म्हटलं. "कडं जमिनीवर धरा आणि जमिनीवरच जुळवा. हा माळच आपली मास्टर कॉइल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. जमिनीवर धरून सूर जुळवल्यावर यंत्र एकदम शहाणं झालं. अर्थात अडचणी होत्याच. हात जरा वर-खाली झाला की सूर पळायचा, म्हणून कड्याखाली दोन बोटं जातील एवढंच अंतर धरून ते सरकवायचं. जमिनीचा रंग थोडा बदलला की पुन्हा जुळवायचं. पण एक गोष्ट पक्की कळली. दगडाला सूर उतरतो, सोन्या-चांदीला चढतो. लोखंडाचा मात्र भरवसा नाही, त्याची मर्जी असेल तसं. कुणाला खडकाळ जमिनीत असला उद्योग करायची हौस असेल, तर आमचा हा अर्ध्या दिवसाचा अनुभव त्यानं फुकट वापरावा.

आम्ही दोरीनं पट्टे आखले आणि एकेक पट्टा बघत निघालो. बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा एक खिळा निघाला. रॉकेलच्या डब्याचं झाकण निघालं. मग मोठा आवाज आला, आणि शेवंतानं खुरप्यानं उकरून एक हातोडी काढली. दांडा कधीच कुजून गेला होता, नुसतं डोकं उरलं होतं. तिनं ते हातात घेऊन वरची माती पुसली.

"आशीच हुती माझी," ती म्हणाली. "हाताला फोड आल्यावर चिंधी गुंडाळायचो. एक चिंधी हाताला, एक बोरमाळंला."

चार-पाच वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून काम केलं होतं आणि तिच्या तळहाताकडे मी एकदाही निरखून बघितलं नव्हतं.

तेवढ्यात शिट्टी खणखणीत चढली. अशी चढली, की रशीदभाईंनी मोठ्यानं "अल्ला!" म्हटलं. शेवंता गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी उकरायला लागली. वीतभर खोल गेली, काही नाही. कडं हलवलं, सूर गेला. पुन्हा आणलं, पुन्हा आला. मग माझं लक्ष गेलं. तुळसाबाई बघायला म्हणून अगदी जवळ येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या पायातले तोडे कड्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हते.

"आजी, तुम्ही जरा लांब बसता का?" रशीदभाईंनी अदबीनं विचारलं.

"लांबून काय दिसनार मला?"

"मग तोडे काढावे लागतील."

तिनं थोडा विचार केला. मग खाली बसून फिरकीचे खिळे काढले आणि एकेक तोडा पायातून सोडवला. शेवंतानं हात पुढे केला. "द्या आत्या, मी धरती."

तुळसाबाईनं त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. तोडे रुमालात बांधले, उठली, एकटीच थोडं अंतर चालत गेली आणि आमच्याकडे पाठ करून वाकली. परत आली तेव्हा तिचे हात मोकळे होते. शेवंताचा हात अजून तसाच अर्धवट पुढे होता. तिनं तो हळूच मागे घेतला आणि खुरपं उचललं.

दुपारपर्यंत आणखी चार पट्टे झाले. ऊन चांगलंच तापलं, तेव्हा बाभळीशी जाऊन गाठोडी सोडली. शेवंतानं भाकरी, झुणका आणि मुठीनं फोडायचा कांदा आणला होता. हमीदाभाभींनी उकडलेली अंडी दिली होती. तुळसाबाईनं अंडं मीठ लावून चवीनं खाल्लं आणि भाभींना किती लेकरं, कुठल्या गावच्या, अशी सगळी चौकशी केली. पोटात गेल्यावर माणूस मऊ होतो. भाकरीच्या मानानं झुणका जरा जास्तच तिखट होता, हे आता चाळीस वर्षांनी सांगायला हरकत नाही.

जेवून हात धुतले आणि तुळसाबाई तोडे आणायला गेली. गेली ती बराच वेळ आली नाही. आम्ही बघितलं, तर ती एक दगड उचलत होती, ठेवत होती, दुसरा उचलत होती. मग पलीकडचा. पदर डोक्यावरून घसरला तरी तिला भान नव्हतं. आम्ही धावत गेलो.

"हितंच ठिवलं हुतं," ती म्हणत होती. "बाभळीच्या सावलीच्या टोकाला, ह्याच दगडाखाली. ह्योच दगुड हाय."

त्या दगडाखाली माती आणि दोन मुंगळे होते.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. माळावर दुसरं माणूस नव्हतं. तुळसाबाईची नजर आधी शेवंतावर गेली, तिथून सरकली आणि रशीदभाईंवर थांबली. क्षणभरच थांबली, पण त्यांना ती कळली. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि तिच्या पुढ्यात उपडी केली. पकड, सोल्डरची तार, सेल, चष्म्याचं घर, अंड्यांची टरफलं बांधलेला कागद. मला इतकी शरम वाटली, की त्या वस्तूंकडे बघवेना.

"भाई, पिशवी भरा ती," शेवंता म्हणाली. तिचा आवाज मी मशिनवर कधी ऐकला नव्हता इतका चढलेला होता. "कुनी न्हाई घेतलं. आत्या, सावली सरकली."

"आं?"

"तुमी सकाळी ठिवलंत. तवा सावली कुठं हुती? आता कुठं हाय? सावली धरून खूण केली न्हवं तुमी?"

तुळसाबाई तिच्याकडे बघतच राहिली. शेवंता बाभळीच्या बुंध्याशी गेली, सकाळचं ऊन कुठून होतं ते हातानं दाखवलं, आणि मावळतीच्या अंगाला पावलं मोजत चालू लागली. तिथं पोचल्यावर तिनं रशीदभाईंना बोलावलं. तिथंही दगडच दगड, सगळे एका आईची लेकरं असावीत तसे. त्यांनी सूर जुळवला आणि कडं फिरवायला घेतलं. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत एका बसक्या धोंड्यापाशी शिट्टी चढली, तीच सकाळची खणखणीत शिट्टी.

मी वाकणार होते. शेवंतानं माझा दंड धरला.

"आत्या," ती म्हणाली, "तुमीच उचला."

तुळसाबाईनं धोंडा कलता केला. खाली रुमाल होता, गाठ तिनं मारली तशीच. तिनं तो सोडला नाही, नुसता मुठीत धरून त्या धोंड्यावर बसली. बाभळीकडे बघितलं. ज्या जागी ती मघापासून दगड उलथत होती तिकडे बघितलं. मग खालपासून वरपर्यंत सगळा माळ बघून घेतला.

"समदी येकसारखीच दिसत्यात गं," ती शेवटी म्हणाली.

मुठीतला रुमाल तिनं मांडीवर ठेवला.

"माझा दगुड तर जाग्याव हुता, तरी मला गावला न्हाई. तुजा तर फोडून नेला."

एवढंच. त्यावर शेवंता रडली नाही, सासूही रडली नाही. रडले ते मी, आणि उन्हाचं निमित्त करून तोंड धुवून आले. मग तुळसाबाई रशीदभाईंकडे वळली. "भाऊ, माझ्या नजरंला माफ करा," ती म्हणाली. रशीदभाई म्हणाले, "आजी, उन्हात नजर चुकते." त्यांनी तो विषय तिथंच संपवला, आणि नंतर आयुष्यभर माझ्यापाशीही कधी काढला नाही.

उरलेले पट्टे आम्ही चार-साडेचारपर्यंत बघितले. आता तुळसाबाई दोरीचं एक टोक धरायला आली होती आणि "हितं नीट बघा, हितं हिचा ढीग हुता म्हनं," असं आम्हाला बजावत होती. बोरमाळ मिळाली नाही. तिचे बारीक मणी खडीबरोबर भरून कुठल्या रस्त्यावर गेले असतील, देव जाणे. पण त्या शेवटच्या तासात शेवंता ज्या मोकळेपणानं हसत होती, ते बघून मला वाटलं, की आता मिळाली तर नुसता एक दागिना मिळेल.

उतरताना तुळसाबाईचे पाय मोकळेच होते. तिनं रुमाल शेवंताच्या हातात दिला.

"धर. खिळा नीट बसंना झालाय," ती म्हणाली.

खिळ्याला काहीही झालेलं नव्हतं.

परतीला फाट्यावरच्या गाड्या भरून जात होत्या, म्हणून आम्ही एका टेम्पोतून उलटे चाकणला गेलो आणि स्टँडवरून जागा धरून बसलो. चाकणला गरम भजी खाल्ली, चहा घेतला, कांद्याच्या गाड्यांची गर्दी बघितली. तुम्हीही त्या बाजूला गेलात तर हाच उलटा मार्ग धरा, बसायला जागा मिळते. रशीदभाई सगळ्या वाटेत यंत्रात काय सुधारणा करायच्या ते सांगत होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते मोडलं आणि त्याचे भाग गिऱ्हाइकांच्या रेडिओत बसवून टाकले. चाळणीचं कडं मी मागून घेतलं. ते अजून माझ्याकडे आहे, त्यावरची तार काळी पडली आहे.

घरी पोचल्यावर वडिलांनी विचारलं, "सापडलं का?" मी म्हटलं, "तोडे सापडले." त्यांना काही कळलं नाही, मग जेवताना सगळं सांगितलं.

आज त्या माळाचा पत्ता कुणी विचारला तर मला देता येणार नाही. क्रशर बसला, माळ हळूहळू खाली बसला, आणि नंतर त्या सगळ्या भागात इतक्या कंपन्या आल्या की बाभळीची जागा दाखवायला खूण उरली नाही. मध्यंतरी गाडीतून जाताना मी उगाच अंदाज बांधत होते, या गेटच्या आत असेल, नाही, त्या गोडाऊनच्या मागे. मग सोडून दिलं.

माझ्यापाशी त्या सहलीतलं खरं राहिलं ते दुसऱ्या दिवशीचं, शुक्रवारचं. शेवंता कामावर आली आणि डब्याच्या सुट्टीपर्यंत काही बोलली नाही. मग भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आत्यानं किल्ली दिली. म्हनली, तूच ठेव. माझं ठिकान चुकतंय."

मला राहवलं नाही. इतके दिवस पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "शेवंता, मलाही वाटलं होतं गं. त्या बैलामुळं. की तू भावाला दिली असशील."

तिनं नेहमीसारखी निम्मी भाकरी माझ्या डब्यात ठेवली.

"बैल त्याच्या सासऱ्यानं दिला," ती म्हणाली. "आन तुला वाटतंय ते मला म्हाईत हुतं. म्हनून तर तुला नेलं."

भोंगा झाला. ती उठली, आपल्या मशिनवर गेली, मास्टर कॉइल बसवून तिनं काटा शून्यावर आणला आणि कामाला लागली. मी जराशा उशिरानं उठले.